ब्रेक दाबून बघा!

कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत एक तरी बापू असतो. ऊस कारखान्याला जातो, गाळे भाड्याने दिलेले, पोरगं पुण्यात, आणि दारात इसुझूची व्ही-क्रॉस. २०१६ साली ही गाडी आपल्याकडे विकायला आली नि तोवर पिकअप म्हटलं की दुधाचे कॅन आणि कोबीची पोती एवढंच आठवणाऱ्या मंडळींची पंचाईत झाली. चारचौघांत मिरवायची गाडी, आणि मागे हौदा! बापूंना मात्र पहिल्या दिवसापासून तिच्यात खोट दिसली नाही. दिसली ती फक्त सुधारणेची जागा.

सुरुवात सगळे करतात तिथूनच. टायर रुंद झाले, गाडी दोन इंच उचलली, टपावर दिव्यांची पट्टी आली, पोलिसांनी अडवल्यावर गेली. बाहेरून बदलण्याजोगं काही उरलं नाही की माणूस न दिसणाऱ्या गोष्टींकडे वळतो. काहीजण अध्यात्माकडे जातात. बापू ब्रेककडे गेले.

ब्रेकच्या पाईपचा बराचसा भाग मुळात लोखंडी नळीचाच असतो. पण चाक खड्ड्यात वर-खाली होतं, वळणावर वळतं, म्हणून शेवटचा वीत-दीड वीत तुकडा लवचिक रबरी होजचा. बापूंचा सगळा राग त्या तुकड्यावर. "रबर फुगतंय भावा. आपण हितं पाय दाबतोय, आन् जोर मधल्या मधी खातंय कोण? रबर." त्यावर उतारा म्हणजे आत टेफ्लॉनची नळी आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची वीण. ही दाबाखाली फारशी फुगत नाही, पायाला पेडल टणक लागतं. इथपर्यंत बापू बरोबर आहेत. गाडी किती फुटांत थांबणार हे शेवटी टायर आणि रस्ता ठरवतात, पण ते ऐकायला बापू थांबत नाहीत. "अमेरिकेत ही होज मशिनवर ३५ तास गरागरा फिरवत्यात, तवा पास," असं ते छाती पुढे काढून सांगतात. फिरवतात हे खरंच आहे. फक्त तिथल्या नियमात साध्या रबरी होजलाही त्याच मशिनवर तेवढेच तास फिरावं लागतं.

आधी बापू उद्यमनगरात गेले. तिथे जेसीबीची होज मापाप्रमाणे कापून, टोकं दाबून हातात देतात. बापूंना वाटलं, आपलीही देतील. फिटरने हात जोडले. "बापू, ह्यातलं रबर हायड्रॉलिक तेलासाठी हाय. ब्रेक ऑइल लागलं की फुगतंय." फुगतंय हा शब्द कानावर पडताच बापूंनी काढता पाय घेतला. मग परदेशातून मागवणं आलं, कस्टमचे पैसे आले, 'कुठवर आलंय' म्हणून दिवसातून चारदा फोन बघणं आलं. पार्सल उघडलं त्या संध्याकाळी होज देवघरासमोर ठेवल्या होत्या. चकाकत होत्या हे कबूल केलं पाहिजे.

बसवायच्या दिवशी गल्ली लोटली. फिटर चाकामागे, त्याचं पोरगं सीटवर, आणि बापू सगळीकडे. कॅलिपरवरचा पोकळ बोल्ट निघाला, दोन्ही बाजूंचे तांब्याचे जुने वायसर गेले, नवे आले. मग हवा काढायचा कार्यक्रम. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. "दाब... दाब... दाब... धर!" पोरगं पेडल धरून ठेवतं, फिटर निप्पल पाव फेरा सैल करतो, पारदर्शक नळीतून बुडबुड्यांसकट तेल बाटलीत उतरतं, निप्पल आवळला की "सोड!" पुन्हा दाब. बाहेर पडलं ते तेल काळ्या चहासारखं. एवढ्यात दोन थेंब मडगार्डवर उडाले. ब्रेक ऑइल रंग खातं, हे बापूंइतकं कुणाला ठाऊक? बाथरूममधली बादली, ताक घुसळायच्या खोलीतली कळशी, शेजाऱ्याच्या गाडी धुण्याचा पाईप, हाताला लागेल ते पाणी बापूंनी त्या दोन थेंबांवर ओतलं. खाली पडलेला फिटर न्हाऊन निघाला.

काम संपल्यावर पेडल खरोखर टणक लागलं. फिटरने पाना पुसत सांगितलं, "बापू, निम्मा फरक नव्या तेलाचा हाय." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट-४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेलं १५५ ला उकळलं तरी मानकात बसतं, आणि करूळ घाट उतरताना तेवढी आच लागायला वेळ लागत नाही. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणजे काही शे रुपयांचं तेल वेळेवर बदललं असतं तर... पण हे वाक्य पुरं करायचा अधिकार फक्त वहिनींना आहे, आणि त्या करतात.

पण खरी अडचण पुढेच. बंपर लोकांना दिसतो. चाकाच्या आतली वीतभर होज कुणाला दाखवणार? बापूंनी उपाय काढला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी दारातल्या गाडीत बसवायचं. "ब्रेक दाबून बघा!" चहा नंतर. उभ्या गाडीचा ब्रेक डॉक्टरांनी दाबला, पेपरवाल्याने दाबला, पोराला बघायला आलेल्या पाहुण्यांनी दाबला. बँकेतले साहेब क्लच दाबून "वा, वा!" म्हणाले. बापूंनी त्यांना दुरुस्त केलं नाही. दाद ती दाद.

एवढं सगळं करून हौदा तेवढा कोरा. त्यात कुणी नारळाचं पोतं ठेवायला गेलं तरी बापू "चरा पडंल" म्हणून आडवे येतात. त्यामुळे दिवाळीत वहिनींनी नवा फ्रीज घेतला तेव्हा दारात पिकअप असताना तो भाड्याच्या पिकअपमधून आला. जुनाट गाडी, रोज भाजी घेऊन करूळ घाटाने कोकणात उतरणारी. ड्रायव्हर दोर सोडायला लागला तर बापू त्याच्या पुढच्या चाकाशी उकिडवे.

"होज कवा बदलल्या?"

"कसली होज? ब्रेक लागतोय की."

बापूंनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, टॉर्च मारला, बोटाने रबर वाकवलं. वरचा थर तडकून आतले धागे दिसत होते. ड्रायव्हर खाली वाकला आणि त्याचं तोंड उतरलं. बापू एक शब्द बोलले नाहीत. आतून शर्ट घालून आले, पाकीट घेतलं, ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. "उद्यमनगर. पहिल्या गेरात, हळू. साधी रबरीच घालू, ह्याला ती बेस."

वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती आणि तिच्या हौद्यात फ्रीज उभा होता.

"अहो, तो उतरवा तरी!"