फॉरमॅटभाऊ

मुंबईच्या उपनगरांतल्या कुठल्याही सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक वॉचमन असतो आणि एक फॉरमॅटभाऊ असतो. सेक्रेटरी निवडून येतो, वॉचमनला पगार असतो. फॉरमॅटभाऊंना कोणी निवडत नाही आणि पगाराचा तर प्रश्नच नाही. ते आपोआप होतात. मुलुंड पूर्वेला आहेत, बोरिवलीच्या वझिरा नाक्याला आहेत, अंधेरीच्या चार बंगल्याला आहेत. मी जवळून पाहत आलोय ते घाटकोपरच्या पंतनगरातले. त्यांचं नाव सांगत नाही आणि सांगून उपयोगही नाही, कारण बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नाही. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये नंबर 'भाऊ कॉम्प्युटर' म्हणून सेव्ह आहे.

फॉरमॅटभाऊ ओळखायची पहिली खूण म्हणजे कॉम्प्युटर हा त्यांचा धंदा नसतो. आमचे भाऊ एका औषध कंपनीच्या डिस्पॅच खात्यात आहेत. त्याच बिल्डिंगमध्ये सीप्झला आणि पवईला जाणारी सॉफ्टवेअरची चांगली चार-पाच पोरं आहेत. त्यांना विचारलं की ती म्हणतात, "काका, ते हार्डवेअर झालं. मी क्लाउडमध्ये असतो." आता ढगात असलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर बोलवायचं कसं? मग फोन भाऊंना जातो.

"कॉम्प्युटर स्लो झालाय" म्हटलं तर भाऊ "रविवारी बघू" म्हणतात. "व्हायरस आलाय" म्हटलं तर "नको ते उघडलं असणार कोणीतरी" असं पुटपुटून फोन ठेवतात. पण "भाऊ, विंडोज टाकायला घेतलं आणि हार्डडिस्कच दाखवत नाहीये" एवढं कानावर पडलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग "कशालाही हात लावू नका!" आणि लगेच दारावर बेल. हाफ पँट, खिशात स्क्रू ड्रायव्हर, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह. मागून जिन्यात वहिनींचा आवाज, "अहो, आमटी गार होतेय!" भाऊंना तो ऐकू येत नाही.

आल्याआल्या ते मशीनकडे बघतसुद्धा नाहीत. पहिला प्रश्न माणसांना: "शेवटचा हात कोणी लावला?" आजोबा सुनेकडे बघतात, सून मुलाकडे, आणि मुलगा डोंबिवलीहून सुट्टीत राहायला आलेल्या आतेभावाचं नाव घेतो. आतेभाऊ तोवर डोंबिवलीला परत गेलेला असतो, त्यामुळे ठपका एकमताने त्याच्यावर ठेवला जातो आणि कॅबिनेट उघडतं. डिस्क न दिसण्याशी या चौकशीचा काडीचा संबंध नसतो. पण ऑफिसात ज्याला दिवसभर "माल का निघाला नाही?" असं दुसरे विचारतात, त्याला कधीतरी स्वतः जाब विचारायला मिळतो, हे काय कमी आहे?

भाऊंची कारकीर्द रिबन केबलच्या काळात सुरू झाली. तेव्हा डिस्क मदरबोर्डला एका रुंद पट्टीने जोडत. एका पट्टीवर दोन वस्तू बसायच्या, एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोण ते डिस्कच्या मागच्या पिनांवर इवलासा जम्पर चढवून ठरवायचं. डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोघंही मास्टर झाले की कॉम्प्युटर गोंधळायचा आणि बरेचदा दोघांनाही ओळख द्यायचा नाही. जम्पर काढताना तो हमखास उडायचा आणि दिवाणाखाली जायचा. मग घर बॅटरी घेऊन जमिनीवर. एका घरात असा जम्पर शोधताना दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं. त्या घरात भाऊंना आजही सणाला ताट जातं. डिस्क त्या दिवशी सापडली होती का, हे तिथे कोणालाच आठवत नाही.

त्यांचं शास्त्र मात्र पक्कं आहे आणि इथे मी थट्टा करत नाही. "आधी बायोसमध्ये जायचं," ते सांगतात. मशीन सुरू होताच डिलीट किंवा एफ-टू बडवत राहायचं. त्या पडद्यावर डिस्कचं नाव नसेल तर दोष वस्तूचा: केबल सैल, पॉवर नाही, नाहीतर डिस्कच गेली. तिथे नाव आहे आणि विंडोजच्या सीडीला तेवढी डिस्क दिसत नाही, तर वस्तू धडधाकट आहे, ओळख करून देणारा नाही. तो ओळख करून देणारा म्हणजे ड्रायव्हर. निम्मे लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात आणि चांगली डिस्क भंगारात देतात.

भाऊंचं सुवर्णयुग हे ओळखीच्या घोटाळ्याचं. विंडोज एक्सपी आलं २००१ साली. साटा नावाच्या बारीक केबलच्या डिस्क बाजारात आल्या त्या २००३ च्या सुमाराला. म्हणजे सीडी आधीची आणि डिस्क नंतरची. नव्या मशीनवर एक्सपी टाकायला घेतलं की निळ्या पडद्यावर निरोप यायचा की या कॉम्प्युटरमध्ये एकही हार्डडिस्क नाही. काल अख्खा बोनस घालून आणलेल्या मशीनमध्ये! काकूंना हे पटायचं नाही, आणि भाऊंना ते समजावता यायचं नाही. योग्य दाखला त्यांना सापडला तो ८ जून २०१४ ला, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा. "काकू, तुमच्याकडे रेल्वेचा जुना नकाशा आहे. त्यात बघून तुम्ही म्हणणार, घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर दादरला उतरून गाडी बदलायची, थेट गाडी नाहीच. आता मेट्रो तर डोक्यावरून धावतेय. नाही ते नकाशात! ड्रायव्हर म्हणजे त्या नकाशाला चिकटवायची चिठ्ठी." काकूंना लख्ख समजलं. दुर्दैव एवढंच की मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट त्याच्या बरोबर दोन महिने आधी, ८ एप्रिलला, बंद केला होता.

ही चिठ्ठी चिकटवण्याचा विधी बघण्यालायक होता. इन्स्टॉलेशन सुरू झालं की पडद्याच्या तळाशी काही सेकंद एक ओळ यायची: वेगळा ड्रायव्हर असेल तर एफ-सिक्स दाबा. ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्या सेकंदांत घरात कोणी शिंकायचं नाही. एफ-सिक्स वेळेत दाबला की एक्सपी म्हणायचं, आता ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला. फ्लॉपी! नव्या मशीनमधून फ्लॉपी ड्राइव्ह तोवर हद्दपार झालेला. म्हणून भाऊ स्वतःचा फ्लॉपी ड्राइव्ह वायरींसकट पिशवीत घेऊन हिंडायचे. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरायची, म्हणून एकाच ड्रायव्हरच्या अनेक प्रती, त्याही तांदळाच्या डब्यात. बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआय बदलून आयडीई केला की हा सगळा खटाटोप टळायचा, आणि हे भाऊंना ठाऊक होतं. पण त्यांना ते कमीपणाचं वाटायचं. "गाइड वापरून पास होण्यात काय अर्थ आहे?" असं म्हणून ते पुन्हा एफ-सिक्सवर बोट ठेवून बसायचे.

बायोसमध्येही नाव नसलं की भाऊ गंभीर होतात. डिस्क कानाला लावतात. टक्-टक् असा आवाज आला तर "हेड गेलं" म्हणतात आणि घरातले सगळे आपापलं डोकं चाचपतात. त्यानंतरचा इलाज फ्रीझरचा. कोणा एका काळी कोणीतरी सांगितलं होतं की मेलेली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की थोडा वेळ जागी होते. क्वचित होतेही म्हणे. पण बाहेर काढल्यावर मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर पाणी सुटतं आणि होती नव्हती तीही आशा संपते. माझ्या मते हा उपाय आता सोडून द्यायला हवा. वहिनींचं मतही तेच आहे, पण त्यांचं कारण सुरमई.

शेवटचा मार्ग लॅमिंग्टन रोड. सरकारी कागदावर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण मुंबईचा एक जुना गव्हर्नर लॅमिंग्टन अजून कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडातून गेलेला नाही. तिथे प्रत्येक फॉरमॅटभाऊंचा 'आपला माणूस' असतो. तो माणूस भाऊंना ओळखतो असं निदान भाऊ तरी म्हणतात. २०११ सालच्या ऑक्टोबरनंतर भाऊ असेच एका काकूंसाठी डिस्क आणायला गेले आणि हात हलवत परत आले. भाव बघता बघता दुपटीच्या आसपास गेले होते.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"थायलंडला पूर आलाय."

"पण तुम्ही तर लॅमिंग्टन रोडला गेला होतात ना?"

भाऊ खरं तेच सांगत होते. जगातल्या हार्डडिस्कच्या उत्पादनाचा मोठा वाटा थायलंडच्या कारखान्यांत होता आणि त्यांतले काही कारखाने पाण्याखाली गेले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला पाहिलेल्या घाटकोपरकरांना पूर नवा नव्हता. पण तिकडच्या पुराने इकडच्या डिस्कचा भाव वाढतो, हे काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही. भाऊंनी मधल्यामध्ये काही ठेवून घेतलं असावं, अशी शंका त्यांच्या चहात तीन-चार महिने जाणवत होती. साखर कमी असायची.

मग एसएसडी आल्या. टक्-टक् बंद, जम्पर बंद, पुढेपुढे केबलसुद्धा बंद. भाऊ थोडे म्हातारे दिसायला लागले. पण देव आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची एक सोय चालू करून येते. ती डिस्क आणि विंडोज यांच्यामध्ये उभी राहते आणि विंडोज १० किंवा ११ चा पेनड्राइव्ह लावला की पुन्हा तोच निरोप: एकही ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर लोड करा. इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरांचे चेहरे पांढरे पडतात. भाऊंचा चेहरा खुलतो. दुसऱ्या मशीनवर इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवायचा, फाइल झिप असेल तर ती आधी उघडायची (निम्मे लोक इथेच अडकतात), पेनड्राइव्हवर टाकायचा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवायचा. डिस्क हजर.

या ड्रायव्हरच्या फोल्डरचं नाव भाऊंनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शेजारीच होतो. त्यात अजून 'एफ-सिक्स' होतं, आणि पुढे 'फ्लॉपी'चं आखूड रूप होतं. फ्लॉपी जगातून गेली, एफ-सिक्सची ती ओळ गेली, तरी इंटेलने नाव काढलं नव्हतं. भाऊंनी चष्मा काढून पुसला आणि पोराला म्हणाले, "बघ. आम्ही होतो."

बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं तरी डिस्क दिसते. काही लॅपटॉपांत तो पर्याय कंट्रोल-एस दाबल्याशिवाय दिसतच नाही, हे भाऊ अगदी खालच्या आवाजात सांगतात. मात्र आधीचं चालू विंडोज त्यावर असेल आणि ते ठेवायचं असेल, तर आपल्या मनाने ते बंद करू नये. पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि मग भाऊंना मध्यरात्री उठवावं लागतं. त्यांची हरकत नसते. वहिनींची असते.

डिस्क एकदा दिसली की भाऊंचा उत्साह मावळतो. पुढचं 'नेक्स्ट, नेक्स्ट' त्यांना क्लार्काचं काम वाटतं. पैसे घेत नाहीत, पोहे नाकारत नाहीत. निघण्याआधी मात्र एक प्रश्न विचारतात, जुन्या अनुभवाने तीन-तीनदा विचारतात: "डिस्कवर महत्त्वाचं काही आहे का? मी पार्टिशन उडवतोय." घरातला कर्ता पुरुष दर वेळी छाती पुढे काढून म्हणतो, "काही नाही, उडवा बिनधास्त." आणि आठवड्याने कळतं की डी ड्राइव्हमध्ये मुलीच्या बारशाचे फोटो होते.

भाऊ तुमच्याकडे येतील तेव्हा त्यांना चहा द्या, कप कॅबिनेटवर ठेवू नका, आणि या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन एकदा विचारून या.