एका निवृत्त बुकीचे अभिनंदनपत्र

न्यू जर्सीत, केशकर्तनालयाच्या मागल्या खोलीत, काडी लागताच भस्म होणाऱ्या कागदावर रविवारच्या फुटबॉल सामन्यांच्या पैजा टिपल्याबद्दल ज्या माझा जप्ती-मुचलक्याने यथासांग सत्कार झाला, त्या मला तेच कर्म १४ मे २०१८ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राजमान्यतेस चढलेले पाहून निरतिशय आनंद होतो. शंभर डॉलर जिंकावयास एकशे दहा लावावेत, हा आमचा दर पैजांच्या नव्या कायदेशीर पेढ्यांनी श्रद्धेने जतन केला आहे. २००३ साली लास व्हेगासची जाहिरातही विटाळ मानणाऱ्या अमेरिकी फुटबॉल लीगने २०२४ चा आपला अंतिम सामना, सुपर बोल, तेथेच भरवून (उशिरा का होईना) तीर्थयात्रा घडविली. आता शाळांतून पाढ्यांऐवजी पैज फिरवणाऱ्या अर्ध्या गुणाचे माहात्म्य शिकवावे, इतकेच मागणे. सुधारणा मात्र एक झाली: आम्ही सतत हरणाऱ्याची उधारी बंद करीत असू, या नव्या पेढ्या सतत जिंकणाऱ्याची पैज आखडतात.