आई म्हणेल ती पूर्वदिशा

नाटकाच्या जाहिरातीत लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका या तिन्हींपुढे एकच नाव दिसलं की मी दाराजवळची खुर्ची धरतो. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात असे एक गृहस्थ होते. त्यांच्या नाटकात नायकाने प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही आणि बाकीच्यांनी तोंड करायचं नाही, असा अलिखित करार असे. नायक मरायचा तोसुद्धा रंगमंचाच्या मधोमध, भरपूर उजेडात, आणि मेल्यावर एक डोळा किलकिला करून विंगेतल्या पोराला पडद्याची खूण करायचा.

त्यामुळे १९८६चा ‘सायको ३’ खुद्द त्याच्या नायकाने, म्हणजे अँथनी पर्किन्सने दिग्दर्शित केलाय हे कळल्यावर मी घाबरलो. भुताखेतांना मी तसा भीत नाही. नटांना भितो.

मूळ ‘सायको’ १९६०चा, हिचकॉकचा. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा त्याने दंडक घातला होता. हाच नियम आपल्याकडे लावला असता तर निम्मं थिएटर समोशाच्या रांगेतच राहिलं असतं. असो. रहस्य आता फोडायला हरकत नसावी. आडरस्त्यावरच्या मोटेलचा लाजाळू मालक नॉर्मन बेट्स आपल्या मेलेल्या आईचे कपडे चढवून खून पाडतो. आईच्या आवाजात रागावतो तोच, आणि ‘हो आई’ म्हणून मान खाली घालतो तोही तोच.

आता मला सांगा, स्वतःच हुकूम सोडायचा, स्वतःच तो निमूट पाळायचा आणि काम बिघडलं की स्वतःलाच फैलावर घ्यायचं, याहून वेगळं नट-दिग्दर्शक काय करतो? या नोकरीचा इतका दांडगा अनुभव दुसऱ्या कुठल्याही पात्राच्या गाठीला नसेल. युनिव्हर्सल स्टुडिओवाल्यांनी उमेदवार अगदी पारखून घेतला.

शिवाय पर्किन्सचा एक जुना हिशेब राहिला होता. ज्या खुनाने त्याचा आयुष्यभर पिच्छा पुरवला, तो त्याने केलाच नव्हता. डिसेंबर १९५९मध्ये मूळ ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाचं चित्रीकरण आठवडाभर चाललं होतं, तेव्हा स्वारी न्यूयॉर्कला ‘ग्रीनविलो’ नावाच्या संगीतिकेच्या तालमीत होती. सुरा घेऊन आलेली ‘आई’ ही भलतीच एक बदली कलावंत. त्यात बळी पडणाऱ्या जेनेट लीचं रक्त म्हणून जे वाहिलं, ते चॉकलेटचं सिरप. निळू फुल्यांनाही गावोगावी बायकांच्या शिव्या खाव्या लागल्या, पण वाड्यावरच्या प्रसंगांना निदान ते स्वतः हजर तरी असत!

मधल्या काळात, १९८३मध्ये, रिचर्ड फ्रँकलिनने ‘सायको २’ काढला. त्याच्या शेवटी मिसेस स्पूल नावाची बाई नॉर्मनच्या घरी येऊन सांगते, बाळा, तुझी खरी आई मीच. नॉर्मन तिला आधी चहा देतो आणि मग डोक्यात फावडं घालतो. पाहुणचारात कसूर नाही. तिसऱ्या भागात कळतं, की ती आई नव्हतीच, मावशी होती. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण कुणी इतकी शब्दशः मनावर घेतली नसेल. मावशी उरते, पण भुसा भरून.

पर्किन्सची खरी करामत मात्र न्हाणीघरात आहे. मठ सोडून आलेली एक दुःखी जोगीण मोटेलमध्ये उतरते. आईचा विग, आईचा झगा, हातात सुरा, असा जामानिमा करून नॉर्मन तिच्या खोलीत शिरतो. पडदा सरकतो. २६ वर्षं प्रेक्षक याच क्षणाची वाट पाहतोय. आणि बघतो तर काय, पोरीने आधीच स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायला घेतलेलं. ग्लानीत तिला सुरेवाली म्हातारी दिसत नाही, क्रूस धरलेली साक्षात कुमारी मेरी दिसते. खून करायला गेलेला माणूस शेवटी जीव वाचवणारा ठरतो आणि वर शाबासकी मिळवतो. बाहेरचा दिग्दर्शक असता तर त्याने हा प्रसंग सोवळ्यात गुंडाळून जसाच्या तसा पुन्हा काढला असता. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या प्रवेशाची अशी फजिती करायला घरचाच माणूस लागतो.

दुसरा प्रसंग बर्फाचा. मोटेलच्या बर्फाच्या पेटीत प्रेत लपवलेलं. शेरीफ येतो, पेटीशी उभा राहून गप्पा मारतो आणि तुकडे उचलून तोंडात टाकतो. तुकड्यांना रक्त लागलंय, हे त्याच्या गावीही नाही. तेव्हा नॉर्मनचा चेहरा बघावा! मला लाल सरबताचा बर्फगोळा फार प्रिय होता. आता मी कालाखट्टा मागतो.

सगळंच जमलंय असं नाही. शेवटी एक पत्रकारबाई धावतपळत येऊन आई-मावशीचा सगळा गुंता एका दमात सोडवते. तिथे आमची आत्या हवी होती, तिने तो दोन प्रश्नांत सोडवून गोत्रही विचारलं असतं. धंदाही बेताचाच झाला. दुसऱ्या भागाने अमेरिकेत साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास मिळवले होते, हा दीड कोटीच्या आतच आटोपला.

आपल्याकडे नट-दिग्दर्शकाचा हा उद्योग महेश कोठाऱ्यांनी केला. १९९३चा ‘झपाटलेला’ आणि २०१३चा ‘झपाटलेला २’, दोन्हींचे दिग्दर्शक तेच आणि पोलीस अधिकारी महेश जाधवही तेच. पण त्यांनी झपाटण्याचं काम रामदास पाध्यांच्या बाहुल्याकडे सोपवलं आणि आपण पोलिसात राहिले. शहाणपणा याला म्हणतात. खुनी आणि दिग्दर्शक एकच झाले, तर सेटवरच्या माणसांनी तक्रार करायची कुणाकडे?

१९९०मध्ये टीव्हीसाठी ‘सायको’चा चौथा भाग निघाला. दिग्दर्शन मिक गॅरिसकडे गेलं आणि पर्किन्स पुन्हा नुसता नॉर्मन झाला. आता नॉर्मन चक्क संसाराला लागलाय. बायकोला दिवस गेलेत, याचा धसका घेऊन तो रेडिओवरच्या कार्यक्रमाला खोट्या नावाने फोन लावतो आणि आईविषयी बोलत बसतो. घरात सासू नाही म्हणून त्या बाईने हे स्थळ पसंत केलं असेल, तर कठीण आहे.