सरपणार्थी

विद्येच्या मागे लागलेल्यास विद्यार्थी आणि आश्रयाच्या मागे लागलेल्यास शरणार्थी म्हणावयाचे, तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू इंग्लंड या प्रदेशात दरवर्षी सप्टेंबर सरता सरता आडरस्त्यांवरून मोटार रेंगाळत हाकणारा आणि दुतर्फा अंगणांतून रचलेल्या लाकडांच्या राशींकडे अभिलाषेने पाहत जाणारा जो मनुष्य आढळतो, त्यास सरपणार्थी म्हणण्यास हरकत नसावी. विद्यार्थ्याशी त्याचे साम्य असे की परीक्षा उंबरठ्यावर आल्यावाचून दोघांनाही जाग येत नाही. भेद इतकाच की मार्चमध्ये नापास झालेल्या विद्यार्थ्यास ऑक्टोबरात पुन्हा बसण्याची सोय पूर्वापार असे, आणि सरपणार्थ्याची मूळ परीक्षाच ऑक्टोबरात सुरू होते. याच सुमारास तेथील मेपल वृक्ष लालभडक होतात आणि तो रंगोत्सव पाहण्यासाठी दूरदूरचे पर्यटक लोटतात. त्या गर्दीत ज्याची दृष्टी पानांवर न ठरता खोडाच्या घेरावर ठरते आणि जो मनातल्या मनात त्या वृक्षाचे सोळा-सोळा इंची तुकडे पाडीत असतो, तो या जातीचा, असे खुशाल समजावे.

व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर किंवा मेन येथील खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाची गणना या जातीत होत नाही, कारण त्याचे येत्या हिवाळ्याचे लाकूड गेल्या वसंतातच रचून झालेले असते आणि त्या पुढच्या हिवाळ्याचे त्याच्या मागे उभे असते. अस्सल सरपणार्थी हा बोस्टनसारख्या शहरातून आलेला, चांगले शिकलेला आणि जुने लाकडी घर नुकतेच विकत घेतलेला गृहस्थ होय. त्या घराच्या तळघरात खनिज तेलावर चालणारी भट्टी असते, तिने सारे घर व्यवस्थित तापते आणि तिला सुरू करण्यास भिंतीवरची एक कळ दाबणे पुरते. परंतु तिच्याविषयी तो आजारी नातेवाइकाविषयी बोलावे तसा हलक्या आवाजात बोलतो. त्याची खरी निष्ठा दिवाणखान्यातील बिडाच्या शेगडीवर असते. बोस्टनच्या आसपास स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतूनही हा नमुना अधूनमधून निपजतो. ती शेगडी पाहताच त्यास न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतो, आणि कोकणातली आजी अगोटीला, म्हणजे पावसाळा लागण्याच्या आधी, सरपण, शेणी, सोडणे आणि चुडते पडवीत कशी भरून ठेवीत असे, हे तो पाहुण्यांना सांगतो. ही बेगमी आजी माघ-फाल्गुनापासूनच सुरू करीत असे, हा तपशील मात्र त्याच्या स्मृतीतून नेमका गळालेला असतो.

सरपणार्थ्याच्या सर्व यातनांचे मूळ या गळालेल्या तपशिलात आहे. नुकत्याच तोडलेल्या झाडात पाणी इतके असते की पुष्कळ जातींत त्याचे वजन सुक्या काष्ठाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरते. असे लाकूड पेटवले असता अग्नीचा बराचसा पराक्रम ते पाणी उकळण्यातच खर्च होतो, घर थंड राहते, आणि अर्धवट जळलेला धूर धुराड्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा थापत जातो. या थरास क्रिओसोट म्हणतात. तो साचून पेटला की धुराडेच चुलीचे काम करू लागते आणि अग्निशामक दलाची गाडी बोलवावी लागते. म्हणून लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली आलेला असावा, असा दंडक आहे. तेथवर यावयास ॲश किंवा मेपल यांना चिरून, वाऱ्यावर रचून ठेवल्यावर साधारण एक वर्ष लागते आणि ओकला दोन. अर्थात ऑक्टोबरात ज्यास सुके ओक हवे आहे, त्याने ते दोन वर्षांपूर्वीच शोधावयास हवे होते, आणि दोन वर्षांपूर्वी तर तो शहरातल्या सदनिकेत उकाडा होतो म्हणून खिडकी उघडून बसलेला होता. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण ज्याने रचली, त्याच्या घरी सरपण मुबलक सुके असले पाहिजे; सरपणार्थ्याच्या शेगडीत ओल्याबरोबर सुकेही धुमसते.

बाजारात सुक्या लाकडास ‘सीझन्ड’ असे विशेषण आहे, आणि त्याचा मराठी प्रतिशब्द लोणच्याच्या बरणीवरून घेऊन ‘मुरलेले’ असा करावा लागेल. या शब्दाइतका लवचीक शब्द व्यापारी भाषेत विरळा. विक्रेत्याच्या मते जे झाड गेल्या हिवाळ्यात तोडले ते मुरलेले, कारण त्याने एक वसंत आणि एक उन्हाळा पाहिला. ते अखंड ओंडक्याच्या रूपात आडवे पडून होते आणि त्याच्या ढलप्या मागच्या आठवड्यात पाडल्या, ही गोष्ट त्यास सांगण्याजोगी वाटत नाही. वस्तुतः साल अंगावर असलेला ओंडका फारसा सुकतच नाही. लाकूड चिरल्यानंतरच मुरू लागते. म्हणजे कैऱ्या झाडावर असतानाच लोणचे मुरू लागले असे मानण्यापैकी हा प्रकार आहे. तथापि विक्रेता खोटे बोलत नसतो, एवढे न्यायबुद्धीने म्हटले पाहिजे. तो केवळ कालगणनेची निराळी पद्धती वापरतो.

मापाचे प्रकरण याहून गहन आहे. महाराष्ट्रातल्या वखारीत जळाऊ लाकूड काट्यावर तोलले जात असे, आणि वखारवाला लाकडावर पाणी मारतो हा संशय मराठी गृहिणीच्या मनातून कधीही गेला नाही. न्यू इंग्लंडने त्या संशयावर तोडगा म्हणून वजनच बाद केले आणि आकारमान स्वीकारले. तेथील मापास ‘कॉर्ड’ म्हणतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, म्हणजेच १२८ घनफूट. हे नाव पूर्वी रास ज्या दोरीने मोजीत तिच्यावरून पडले, असे सांगतात. सुतावरून स्वर्ग गाठण्याचा हा प्रकार त्या प्रदेशात कायदेशीर आहे. मात्र १२८ घनफुटांत लाकडांमधल्या फटींतली हवाही मोजली जाते आणि घट्ट काष्ठ जेमतेम ८५ घनफुटांच्या आसपास भरते, त्यामुळे फटी किती असाव्यात हा नीतिशास्त्राचा प्रश्न होऊन बसतो. लोकमत असे की फटीतून उंदीर जावा, परंतु त्याचा पाठलाग करणारे मांजर जाऊ नये. शिवाय ‘फेस कॉर्ड’ नावाचे एक उपमाप आहे, ज्यात समोरून पाहता रास चार फूट उंच आणि आठ फूट लांबच दिसते, पण तिची खोली एका ढलपीएवढी, बहुधा सोळा इंच, असते, आणि त्यामुळे माल एक तृतीयांशच येतो. मेन राज्याने यावर उपाय म्हणून न रचता गाडीत नुसत्या फेकलेल्या आखूड लाकडाची कॉर्ड १८० घनफुटांची ठरवून दिली. मॅसॅच्युसेट्सने त्याहून पुढे जाऊन लाकडाच्या विक्रीत कॉर्ड, फेस कॉर्ड, ढीग, गाडीभर असले शब्दच वर्ज्य केले आणि घनफुटांत बोलावे असा कायदा केला. कायद्याची भाषा आणि माणसांची भाषा यांच्यात जेवढे अंतर सर्वत्र असते, तेवढे ते येथेही आहे. रॉबर्ट फ्रॉस्ट या कवीने १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संग्रहात रानात बेवारस पडलेल्या लाकडाच्या राशीवर एक कविता घातली, तिच्यातदेखील चार, चार आणि आठ ही मापे न चुकता आली आहेत. या प्रदेशात एकांत आणि विषाद यांचे वर्णनसुद्धा राशीचे माप घेतल्यावाचून पुरे होत नाही.

ही सर्व विद्या सरपणार्थी एका आठवड्यात पाठ करतो, आणि येथून तो खऱ्या अर्थाने विनोदी होऊ लागतो. मडके घेताना टिचकी मारावी तशा दोन ढलप्या एकमेकींवर आपटून तो कान देतो. खणखणीत नाद आला तर सुके, धप्प असा आवाज आला तर ओले. टोकांवर केंद्रातून फुटलेल्या चिरा आहेत का, साल सैल झाली आहे का, हे तो पाहतो. अखेरीस खिशातून दोन सुया असलेले ओलावामापक यंत्र काढून तो ते लाकडाच्या टोकात खुपसतो, पडद्यावर १४ हा आकडा उमटतो आणि त्याचा चेहरा फुलतो. टोक सर्वांत आधी सुकते, म्हणून ढलपी पुन्हा मधोमध चिरून ताज्या अंगावर सुया टोचावयाच्या असतात, हे शेजारी उभा असलेला विक्रेता जाणतो; परंतु कोणाचा आनंद हिरावून घेणे त्याच्या स्वभावात बसत नाही.

हा विक्रेता म्हणजे एक स्वतंत्र अध्ययनाचा विषय आहे. रस्त्याकडेला फळीवर हाताने रंगवलेला दूरध्वनी क्रमांक एवढीच त्याची जाहिरात असते, आणि तो क्रमांक लावला असता बहुधा कोणीही उचलत नाही. सुके लाकूड त्याच्यापाशी ऑगस्टमध्येच संपलेले असते. सरपणार्थी त्यास कारखान्यात तापवून सुकवलेल्या लाकडाविषयी विचारतो, तेव्हा तो किंमत सांगतो आणि सरपणार्थी संभाषण हवामानाकडे वळवतो. मग सरपणार्थी शेजाऱ्यांकडे वळतो. ज्याच्या अंगणात राखाडी पडलेले, चिरा गेलेले, उत्कृष्ट लाकूड रचलेले आहे, त्या शेजाऱ्याची ओळख काढून, त्याच्या कुत्र्याची विचारपूस करून, तो सहज म्हणून लाकूड कोठून आणता असे विचारतो. शेजारी तितक्याच सहजपणे, असतो एक जण डोंगरापलीकडे, असे सांगून त्याच कुत्र्याकडे पाहू लागतो. ज्यांनी पुण्यात कोणास खात्रीच्या आंबेवाल्याचा पत्ता विचारला आहे, त्यांना या उत्तराचा पोत ओळखीचा वाटेल. चांगल्या विक्रेत्याकडील सुके लाकूड मोजकेच असते आणि एक गिऱ्हाईक वाढले की आपल्या वाट्याची अर्धी कॉर्ड गेली, हे अर्थशास्त्र तेथे सर्वांना न शिकवता येते.

डोंगरापलीकडचे मिळत नसेल तर दूरच्या राज्यातून मागवावे, हा विचार शहरी मनास साहजिक सुचतो. त्याच्या आड एक किडा येतो. एमराल्ड ॲश बोरर हा आशिया खंडातून आलेला, पाचूसारखा हिरवा भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये प्रथम ओळखला गेला आणि त्याच्या अळ्यांनी सालीखाली बोगदे पोखरून असंख्य ॲश वृक्ष मारले. तो स्वतः फार लांब उडत नाही. जळाऊ लाकडात बसून मात्र माणसांच्या खर्चाने हवा तेवढा प्रवास करतो. त्यामुळे न्यूयॉर्क राज्यात, उष्णतेने प्रक्रिया न केलेले सरपण मूळ जागेपासून ५० मैलांपलीकडे नेण्यास मनाई आहे, आणि इतरत्रही सरपण स्थानिकच घ्यावे असे फलक वनखात्यांनी लावले आहेत. सरपणार्थी या नियमाचा कट्टर पुरस्कर्ता असतो. मेलेल्या ॲश वृक्षांविषयी तो मनापासून हळहळतो, आणि हळहळ ओसरण्याच्या आत ते वृक्ष कोणाच्या मालकीचे आहेत व तोडून कधी मिळतील याची चौकशी करतो, कारण ॲशच्या ताज्या लाकडात ओलावा इतरांहून कमी असतो. शोक आणि शेकोटी यांचा असा संगम एरवी दुर्मीळ होय.

सरपण जवळपास मिळत नाही या तक्रारीची परंपरा मोठी आहे, एवढे सरपणार्थ्याच्या समाधानासाठी नमूद करावे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली आपल्या नव्या शेगडीच्या प्रचारार्थ जी पुस्तिका छापली, तिच्यात त्यांनी म्हटले होते की शंभर वर्षांपूर्वी दाराशी मिळणारे लाकूड आता काही गावांना जवळजवळ १०० मैलांवरून आणावे लागते. अमेरिकेस स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच तिला सरपणाची टंचाई मिळालेली होती.

शेवटी लाकूड येते. मंगळवारी येतो म्हणालेला विक्रेता पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, सरपणार्थी कामावर गेलेला असताना येतो आणि गाडीची पाठ उचलून सारा माल मोटारीच्या वाटेवर ओततो. ओल्या ओकच्या एका कॉर्डचे वजन दोन टनांहून अधिक भरते. ते हाताने उचलून, चाकाच्या ढकलगाडीतून घरामागे नेऊन रचण्यात दोन शनिवार-रविवार जातात, आणि लाकूड माणसास दोनदा ऊब देते असे जे थोरो या लेखकाने ‘वॉल्डन’ या पुस्तकात म्हटले आहे, त्यातली पहिली ऊब सरपणार्थ्याच्या कमरेत पुढे महिनाभर टिकते. रचून झाल्यावर, शेजाऱ्यांचे दिवे मालवले की, तो विजेरी आणि मोजपट्टी घेऊन बाहेर येतो. रास १११ घनफूट भरते. तो उंदीर-मांजराचा निकष लावून फटी थोड्या सैल करतो आणि ती ११९ होते. मग तो मोजपट्टी गुंडाळून आत जातो. विक्रेत्यास तो एका शब्दाने बोलत नाही, कारण आता त्याच्यापाशी स्वतःचा विक्रेता आहे. उलट त्या विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका काढली, तर तो तापतो, आणि त्या हिवाळ्यात त्या घरात पुरेसे तापणारे तेवढेच असते. जानेवारीत लाकूड सुसू आवाज करीत, टोकांतून फेस काढीत धुमसत असता तळघरातली तेलाची भट्टी आपले काम निमूटपणे करीत राहते, आणि घरातली मंडळी तिच्या झरोक्याजवळ बसून शेगडीचे कौतुक करतात.

परंतु एप्रिलात बर्फ वितळते न वितळते तोच हा गृहस्थ तीन कॉर्ड मागवतो आणि त्याच्या पुढच्या वर्षासाठी आणखी तीन. राशींवर तो पत्र्याचे छप्पर घालतो, टोकांवर खडूने वर्षे लिहितो, संध्याकाळी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. लाकूड राखाडी पडते, चिरा उमलतात, आपटले तर खणखणते. पुढच्या ऑक्टोबरात शहरातून नुकतेच आलेले एक जोडपे रस्त्यावर मोटार थांबवते, राशींची वाखाणणी करते, कुत्र्याची विचारपूस करते आणि सहज म्हणून लाकूड कोठून आणता असे विचारते. गृहस्थ बराच वेळ विचार करतो. मग घरात जाऊन तो आपले दोन सुयांचे ओलावामापक यंत्र आणतो, ते त्यांना भेट म्हणून देतो, कसे वापरावयाचे ते टोकात खुपसून दाखवतो, आणि असतो एक जण डोंगरापलीकडे, असे सांगून कुत्र्याकडे पाहू लागतो.