टरफलांचे प्रशासन

वर्गातील अस्वीकार्य वर्तन, म्हणजे तास चालू असताना तो चालू राहू नये अशा बेताने केलेली कुजबूज, खोडी, ढकलाढकली अथवा मागच्या बाकावरचा फराळ, यावर महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या जे उपाय योजले गेले, ते छडी, उठाबशा, अंगठे धरणे आणि बाकावर उभे राहणे, हे सर्व खोडी उरकल्यानंतरचे होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आणि खोडी मुळात होऊच नये यासाठी काय करावे, याचा विचार करण्याची आपत्ती शिक्षणव्यवस्थेवर ओढवली.

हा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी आधीच करून ठेवला होता. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे दाखवले की, खोडीनंतर शिक्षक कसा दटावतो यावरून शांत वर्ग आणि गोंगाटाचा वर्ग यांतील फरक उलगडत नाही. फरक पडतो तो सर्वावधानाने, म्हणजे वर्गात कोण काय करीत आहे हे शिक्षकाला ठाऊक असण्याने आणि त्याला ते ठाऊक आहे याची विद्यार्थ्यांनाही जाणीव असण्याने. दटावणी वेळेवर आणि नेमक्या विद्यार्थ्यालाच मिळणे, हे या गुणाचे लक्षण होय.

या कसोटीवर लोकमान्य टिळकांविषयी सांगितली जाणारी शेंगांच्या टरफलांची गोष्ट तपासली असता, ज्या प्रसंगाकडे बाणेदारपणाचा नमुना म्हणून पाहिले जाते, तो वस्तुतः गुरुजींच्या अनवधानाचाही नमुना ठरतो. कारण शेंगा फुटतात, टरफले जमिनीवर पडतात, तरीही खाणारे सापडत नाहीत आणि शिक्षा मात्र सरसकट होते, जी शेंगा न खाल्लेले टिळक नाकारतात. शाळाशाळांतून टिळकांच्या पुण्यतिथीला, १ ऑगस्टला, ही गोष्ट घोकून म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस मिळते, आणि २ ऑगस्टला ती आचरणात आणणाऱ्याच्या पालकांना शाळेत बोलावणे जाते.

सर्वावधानासाठी शिक्षक वर्गात असावा आणि त्याचे डोळे मोकळे असावेत, एवढ्या दोनच गोष्टी लागतात, आणि नेमक्या याच पुरवणे प्रशासनाला परवडत नाही. उपरोक्त अधिनियमाचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू देत नाही. परंतु सरल व यू-डायस या माहिती-प्रणालींचे रकाने, पोषण आहाराची रोजची नोंद आणि ‘अतितातडीचे’ असा शेरा मिरवणारे व्हॉट्सॲप संदेश या कलमाच्या कचाट्यात सापडत नाहीत, कारण ही कामे शैक्षणिक असल्याचा निर्वाळा ती मागवणाऱ्यांनीच दिलेला असतो. रकाने भरले जात असताना सर्वावधानाचा प्रभारी कार्यभार मॉनिटरकडे, म्हणजे बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार लाभलेल्या विद्यार्थ्याकडे जातो; त्याचे मित्र कधीच बोलत नाहीत, आणि ज्यांच्याशी त्याचे भांडण असते ते गप्प बसूनही बोलतात.

शिक्षकाचे डोळे वर्गावरून हटवण्याच्या या धोरणाचा कळस नोव्हेंबर २०१६मध्ये गाठला गेला. विद्यार्थ्यांची गळती व गैरहजेरी रोखण्यासाठी शिक्षकाने दहा-दहा विद्यार्थ्यांसह सेल्फी काढून ती सरल प्रणालीवर चढवावी, असा आदेश राज्य शासनाने काढला, आणि शिक्षकांच्या विरोधानंतर तो मागे पडला. सेल्फीचे तंत्र लक्षात घेता, तीत येण्यासाठी शिक्षकाला विद्यार्थ्यांकडे पाठ फिरवून शासनाकडे पाहत हसावे लागते. अशा वेळी त्याच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगे उगवणे हे अस्वीकार्य वर्तन मानावे की उपलब्ध संधीचा विनियोग, याविषयी स्वतंत्र परिपत्रक निघणे अगत्याचे आहे. त्याच्या अंमलबजावणीचा अहवाल शिक्षकांनी अर्थातच तासाच्या वेळेत भरावा.