चार कोटी, टी-शर्ट आणि फोर्थ क्रॉसवरची मंडळी

अहो, ऐकलंत का? या ना जरा अशा कुंपणापाशी. मोठ्याने नको बोलायला, फोर्थ क्रॉसवालीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे...

ते सनवाल्यांचं बक्षीस आठवतंय ना? 2007 चा डिसेंबर, इथेच आपल्या बेंगळुरात. चिटणिसांच्या 'फॉस डॉट इन' परिषदेत हो! अतुल चिटणीस, जन्म बर्लिनचा पण इंजिनिअरिंग बेळगावला गोगटे कॉलेजात, म्हणजे आपलेच की. 2013 मध्ये गेले बिचारे, वय काही जायचं नव्हतं... त्यांचं कायमचं गाऱ्हाणं काय? आपले लोक ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर, वापरतात भरपूर, पण हातभार लावायची वेळ आली की गायब!

तर काय सांगत होते, त्याच परिषदेत सन मायक्रोसिस्टिम्सच्या सायमन फिप्सनी जाहीर केलं, ओपन सोर्समध्ये काम करा, पहिल्याच वर्षी साधारण दहा लाख डॉलर वाटू. डॉलर तेव्हा चाळिसाच्या आतबाहेर, म्हणजे चार कोटी झाले! आमचे हे चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, "नोकरी सोडू का?" मी म्हटलं, आधी गिझर दुरुस्त करा.

पण यातली गंमत ऐका. बक्षीस कुणाच्या कामाला? ओपनऑफिस, नेटबीन्स, ओपनसोलारिस, ग्लासफिश, ओपनजेडीके, ओपनस्पार्क. सहाच्या सहा त्यांच्याच घरातली! म्हणजे बक्षीस तुम्हाला, पण अंगण त्यांचं झाडून निघणार. आणि पुढे काय झालं? 2010 च्या जानेवारीत खुद्द सनच ओरॅकलच्या घरी गेली. त्याच वर्षी ओपनसोलारिस गुंडाळलं, नि सप्टेंबरात ओपनऑफिसची मंडळी लिबरऑफिस नावाची वेगळी चूल मांडून बसली. ते काय बक्षिसासाठी गेले होते थोडेच! जीव होता हो त्या कामात...

आता खरी बातमी. हळू बोलते. फोर्थ क्रॉसवरचा तो मुलगा, 'ओपन सोर्स काँट्रिब्यूटर' म्हणून मिरवतो बघा, काळा टी-शर्ट घालून. तो टी-शर्ट 2020 च्या हॅक्टोबरफेस्टचा! डिजिटलओशनवाल्यांचा नेम होता, ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुरुस्तीचे प्रस्ताव, पाठवा, टी-शर्ट मिळवा, नाहीतर तुमच्या नावाने झाड लावू. झाड कोण घेतंय! आपल्याकडच्याच एका यूट्यूबवाल्याने पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची ते दाखवलं, नि पोरांनी तेच उचललं. कुणाच्याही प्रोजेक्टात घुसायचं, 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द चिकटवायचे, झालं! वाण स्टीलच्या डब्याचं आहे कळल्यावर ओळखदेख नसलेल्या बायकाही हळदीकुंकवाला येतात ना, अगदी तस्सं. प्रोजेक्ट फुकट सांभाळणारे मेंटेनर बिचारे रात्र रात्र तो कचरा उपसत बसले. तीन तारखेलाच नियम बदलावा लागला, ज्याला हवं त्याच प्रोजेक्टाने दार उघडायचं. 2023 मध्ये तर टी-शर्टच बंद केला!

मी आपलं सहज विचारलं त्याच्या आईला, "अगं, त्याने नक्की काय दुरुस्त केलं?" म्हणाली, "इंग्लिश." चेहरा असा पडला...

बरं, ते शेअरब्रोकर झेरोधावाले बघा. तेही बेंगळुरातलेच, तेही दहा लाख डॉलर, पण दरवर्षी. ऑक्टोबर 2024 मध्ये काढला त्यांनी 'फ्लॉस फंड', एकेका प्रोजेक्टला दहा हजारांपासून लाख डॉलरपर्यंत. त्यांचे सीटीओ कैलाश नाध, स्वतः ओपन सोर्स लिहिणारे. स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. आधीच जे राबताहेत, ज्यांच्या जिवावर यांचा धंदा चालतो, त्यांनी एका फाइलीत लिहून द्यायचं, किती लागतात नि कशाला. मला बाई हे पटलं. चार कोटींच्या घोषणेला टाळ्या मिळतात, पण मध्यरात्री बग सोडवणाऱ्याचं भाडं कोण भरणार?

हेही सांगितलं मी त्या मुलाच्या आईला. तर लगेच विचारते कशी, "यात टी-शर्ट देतात का हो?"