क्रॉपकाका

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊला, पुण्यात एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्हा हौशी छायाचित्रकारांची बैठक भरते. निसर्गाचा एक फोटो छापून आणायचा, टेबलावर उभा करायचा आणि बाकीच्यांनी मित्रत्वाच्या नात्यानं त्यावर बोलायचं, असा नियम आहे. मित्रत्वाचं नातं पहिल्या चहापर्यंत टिकतं. मग क्रॉपकाका कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात.

काकांचं खरं नाव हजेरीवहीत आहे, पण ते कोणी वापरत नाही. त्यांच्या शबनममध्ये काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे असतात. शिंप्यानं कापडावर खडू फिरवावा तसे ते पुठ्ठे काका फोटोवर फिरवतात. डावीकडून एक इंच आत, वरून दोन इंच खाली. पुठ्ठे सरकत जातात तसा फोटोवाल्याचा चेहराही आकसत जातो. शेवटी काका पुठ्ठे धरून ठेवतात आणि म्हणतात, "हा बघ तुझा फोटो. बाकी सगळं सामान होतं."

काका सरकारी खात्यात आरेखक होते. तीस वर्षं टी-स्क्वेअर हाताळल्यामुळे त्यांना जगात कुठंही तिरकी रेघ सहन होत नाही. माझा पहिला फोटो कासच्या पठाराचा होता. पहाटे तीनला पुणे सोडून, धुक्यात कुडकुडून काढलेला. काकांनी मान थोडी कलती केली, मग सरळ केली, मग पुन्हा कलती केली.

"फुलं छान आहेत," ते म्हणाले, "पण पठार उताराला लागलंय. थोड्या वेळानं सगळी घरंगळत तलावात जातील."

मी घरी जाऊन मोजलं. क्षितिज दीड अंशानं कललेलं होतं. तेव्हापासून मला फोटोत दुसरं काही दिसेनासं झालंय. परवा एका लग्नात सगळे वधूवरांकडे बघत होते आणि मी मंडपाची आडवी कनात बघत होतो.

काकांची टीका कधी कडू नसते. ती साखरेत घोळलेली असते, म्हणून अधिक लागते. ताम्हिणीतल्या धबधब्याचा फोटो आणणाऱ्या ताईंना त्यांनी विचारलं, "शटर किती वेळ उघडं ठेवलंत?" ताई अभिमानानं म्हणाल्या, "चार सेकंद." काका हळहळले. "तरीच. पाणी पडतंय की पिंजाऱ्यानं कापूस पिंजलाय तेच कळेना. अर्ध्या सेकंदावर या, पाण्याला थोडं पाणी राहू द्या." संगणकावर रंग चढवून आणलेल्या भर पावसाळ्यातल्या राजगडाबद्दल ते म्हणाले होते, "सह्याद्री हिरवा असतो हे मान्य. पण महाराजांच्या काळी तरी तो इतका पोपटी नसावा."

मंडळात मुरलेला माणूस काकांच्या 'छान'चे प्रकार ओळखू शकतो. नुसतं 'छान' म्हणजे अजून बघायला सुरुवात केलेली नाही. 'छान आहे' म्हणजे पुढे 'पण' येतोय, सावरून बसा. 'प्रयत्न छान आहे' म्हणजे फोटो घरी न्या आणि भिंतीकडे तोंड करून ठेवा. 'जागा छान आहे' म्हणजे श्रेय सह्याद्रीचं, तुमचा संबंध नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते काहीच न बोलता "कॅमेरा कुठला?" असं विचारतात. हा प्रश्न ऐकून आमच्यातल्या एकानं कॅमेरा विकून टाकला.

कास पठारावरच्या टोपली कारवीला सात वर्षांनी बहर येतो. काकांची निर्भेळ दाद त्याहून थोडी अनियमित आहे.

मात्र फोटो काढण्याआधीचा उपदेश ते कोणालाही देत नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. सहलीला बरोबर आले तर दगडावर बसून शेंगदाणे खातात. आपण तिपाई लावून, फिल्टर चढवून, एफ अकराला भिंग बांधून, खालचं गवत आणि वरचा ढग एकाच चौकटीत बसवायला पोटावर पडलेले असतो. काका बघत असतात. "काका, बरोबर आहे ना?" असं विचारलं तर म्हणतात, "तुला काय दिसतंय ते तू काढ. मला काय दिसतं ते रविवारी सांगीन."

त्यांना एकच गोष्ट सांगायला आवडते. ती मंडळातल्या प्रत्येकानं किमान अकरा वेळा ऐकली आहे. १ नोव्हेंबर १९४१. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स गाडीनं चाललाय. हर्नांडेझ नावाचं गाव, दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन आणि वर चंद्र. गाडी थांबवून मोठा कॅमेरा उभा केला, तर प्रकाशमापक सापडेना! चंद्राचा उजेड किती असतो हे पाठ होतं, त्यावरून हिशोब करून त्यानं एक फोटो घेतला. दुसरा घ्यायच्या आत क्रुसांवरचं ऊन गेलं. इथवर आम्ही काकांच्या बरोबरीनं ओठ हलवतो. मग काका बोट वर करतात. "आणि त्या एका निगेटिव्हचे तो पुढं कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला. दर वेळी आकाश आणखी काळं करत. म्हणजे त्यालाही वाटत होतंच की, 'छान आहे, पण...'"

गेल्या हिवाळ्यात काकांनी स्वतःचा फोटो आणला. बातमी आधीच फुटली होती. एरवी चहाला येणारेसुद्धा वेळेवर हजर झाले. फोटो भिगवणचा होता. उजनीच्या पसरलेल्या पाण्यावर पहाट, बरोबर मधोमध एक होडी, तिच्यात मासेमार आणि मागं रोहित पक्ष्यांची लांब रांग.

आम्ही जुनं देणं व्याजासकट फेडलं. होडी मधोमध कशी? १७९७ सालापासून एकतृतीयांशाचा नियम पुस्तकात छापलेला आहे, कोणीतरी सुनावलं. आकाश रिकामं आहे, कापा. खालचं पाणी फुकट गेलंय, कापा. मासेमाराची पाठ दिसते, तो नकोच. पक्षी फार लांब आहेत, जवळ घ्या. काका एकेक सूचना डायरीत लिहून घेत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "आभारी आहे. इतकं बारकाईनं माझ्या फोटोकडं घरीही कोणी बघत नाही."

पुढच्या बैठकीला ते आले आणि त्यांनी टेबलावर काडेपेटीएवढा फोटो उभा केला. त्यात एका रोहिताचा एक पाय आणि थोडं पाणी होतं.

"सगळ्यांच्या सूचना अमलात आणल्या," काका म्हणाले. "आता कोणाची काही हरकत नसावी."

हरकत नव्हती. पण आम्ही त्यातून काही शिकलो असंही नाही. निदान मी तरी नाही. कारण त्याच दिवशी मी हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा माझा फोटो दुरुस्त करून नेला होता. आत वळलेला तो प्रचंड कडा, खालून वर चढणारे ढग, पश्चिमेचं ऊन. मूळ फोटोत कोपऱ्यात आमचा एक मित्र बुटाची नाडी बांधत बसला होता. महिन्यापूर्वी काकांनी पुठ्ठे सरकवून त्याला फोटोबाहेर काढलं होतं, "याचं इथं काय काम?" म्हणून. मी आठ रात्री खपून मित्राला कापलं, क्षितिज सरळ केलं, ढगांचा रंग उतरवला आणि नवा प्रिंट काढला. मधल्या काळात हा फोटो मी घरच्यांना, ऑफिसात, शेजारी सगळ्यांना दाखवला होता. सगळे "अप्रतिम!" म्हणाले होते, बहुतेक अंगठ्यानं पुढचा फोटो सरकवता सरकवता.

काकांनी चष्मा नाकावर घेतला. पुठ्ठे शबनममधून बाहेर आलेच नाहीत. बराच वेळ बघितलं. माझ्या मनात कारवी फुलायला लागली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण आधीचा कुठंय?"

"आधीचा? तुम्हीच सांगितलेलं सगळं केलंय, काका!"

"तो बरा होता रे. कोपऱ्यात तो नाडीवाला होता ना, त्याच्यामुळं कडा केवढा आहे ते कळत होतं. आता हा कडा आहे की बांध, काय समजायचं?"

"पण तुम्हीच त्याला काढायला सांगितलंत!"

काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला, चहाचा कप उचलला आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं माझ्याकडं बघत म्हणाले,

"मी सांगायचंच काम करतो. पण तू ऐकलंस का?"